मीठुं पाणी

नवऱ्याने बँकेच्या सगळ्या नोकरीत कुणाकडून मिठाईचा डबासुद्धा घेतला नाही. दिवाळीला दाराशी आलेले डबे तो हात जोडून परत पाठवायचा आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून त्या काजूकतलीला जड मनाने निरोप द्यायचे. असा हा तत्त्वाचा माणूस एका संक्रांतीला, अख्खं सुरत गच्चीवर चढून पतंगांसाठी भांडत असताना, मांडीवर काचेची पेटी घेऊन रिक्षातून उतरला. मागून स्कूटरवर एक माणूस आला. त्याच्या हँडलला पाण्याने फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती आणि पिशवीत एक मासा होता.

हिऱ्यांच्या धंद्यातलं एक कुटुंब, बँकेचं जुनं गिऱ्हाईक, घरदार आवरून परदेशी चाललं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात समुद्राच्या माशांची भिंतभर मोठी टाकी होती. तिच्यातले बाकीचे मासे नातेवाइकांनी आणि मित्रांनी हौसेने नेले. हा एकटा उरला, कारण तो शेजाऱ्यांचे पंख कुरतडायचा. त्याला शिक्षा म्हणून वेगळ्या छोट्या पेटीत ठेवलेलं होतं, आणि आता तो पेटीसकट नको झाला होता. 'हे काही कुणी दिलेलं नाही, टाकलेलं आहे,' असं नवऱ्याने मला समजावलं. टाकलेली काजूकतली कुणी का देत नाही, असं मी विचारलं. तो पेटीसाठी जागा बघायला आत गेला.

मासा माझ्या बोटाएवढा होता. डोक्यापासून कमरेपर्यंत गर्द जांभळा आणि तिथून शेपटीपर्यंत हळदीसारखा पिवळा. दोन रंग मधे कुठे एकमेकांत सांडलेले नव्हते. इतकं स्वच्छ काम सुरतेच्या प्रिंटिंग मिलमध्येही होत नसेल. स्कूटरवरचा माणूस माशांच्या दुकानात कामाला होता आणि त्या कुटुंबाची टाकी तोच सांभाळायचा. त्याने माशाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या जिभेवर कधीच बसलं नाही. पर्वत पाटिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत भिंतीशी त्याने पेटी मांडली, तळाला शिंपल्यांची भरड वाळू पसरली, सच्छिद्र दगड एकावर एक रचले, जुन्या टाकीतलं कॅनमध्ये आणलेलं पाणी भरलं आणि हवेचा पंप लावला. मासा पिशवीतून सुटला, पेटीभर एक फेरी मारून आला आणि दगडातल्या एका भोकात शिरला. मग तोंड बाहेर काढून त्याने आमच्याकडे असं पाहिलं, जणू पाहुणे आम्हीच होतो.

जाताना त्या माणसाने काचेवर लाल चिकटपट्टीची एक रेघ लावली आणि गुजरातीत समजावलं, 'जेटलुं घटे एटलुं रोज मीठुं पाणी नाखजो, बस.' म्हणजे रेघेपासून जेवढं पाणी उतरेल तेवढं रोज भरायचं. महिन्यातून एकदा तो स्वतः येऊन थोडं पाणी बदलून जाईल. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. नवऱ्याची सुरतेला बदली होऊन वर्षही झालं नव्हतं, पण एवढं गुजराती कुणालाही कळेल. मीठुं पाणी म्हणजे मिठाचं पाणी. समुद्राचा मासा, त्याला दुसरं काय लागणार? नवरा त्याच संध्याकाळी वाण्याकडून खडेमीठ घेऊन आला.

हे सगळं होत असताना माझ्या सासूबाई भिंतीशी पाटावर बसून होत्या. काचेची पेटी, पंपाची घुरघुर, आमची धावपळ, यातल्या कशाकडेही त्यांनी मान वळवली नाही. दिवाळीनंतर त्या आमच्याकडे आल्या होत्या, म्हणजे खरं सांगायचं तर त्यांना आणलं होतं. भादव्यात सासरे गेले. धुळ्याकडच्या गावात त्या एकट्या राहिल्या, गुडघे धरलेले, जवळचं म्हणावं असं माणूस दोन गल्ल्या पलीकडे. नवरा एकुलता एक. त्याने घराला कुलूप लावलं आणि आईला एसटीत बसवलं. गाडीत बसतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की आखाजीला त्या परत जाणार.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात हा सण दिवाळीहून मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरात गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पूजतात. सासऱ्यांची ही पहिली घागर. ती त्यांच्याच घरात भरली पाहिजे, परक्या गावात कशी भरायची, एवढंच सासूबाईंचं म्हणणं होतं. त्यावर वाद घालायची आमची कुणाची छाती नव्हती. पण एकदा गेल्या की त्या परत यायच्या नाहीत, हे नवऱ्यालाही दिसत होतं आणि मलाही. आणि त्या बंद घरात त्या एकट्या राहिल्या तर फार दिवस निभावणार नाही, हेही दिसत होतं.

मी नाशिकची, त्यातून मराठी शाळेतली मास्तरीण. माझं बोलणं पुस्तकासारखं आणि सासूबाईंची बोली अहिराणी. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण सणावारी दोन-चार दिवस एकत्र राहण्यापलीकडे आमचा संबंध आला नव्हता. त्यांचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं बोलणं त्यांना शिष्ट वाटायचं. आईशी बोलताना नवरा मात्र क्षणात दुसराच माणूस होऊन जायचा, 'माय, जेवनी का?' असं विचारायचा, आणि मला उगाचच बाहेर ठेवल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकघर माझं होतं, हे मी न सांगताच त्यांना कळलं होतं. त्यांनी डब्याला हात लावला नाही, काही मागितलं नाही. मी आपली दुपारी शाळेत जायचे आणि संध्याकाळी यायचे, तर त्या दुपारी सोडून गेले होते तशाच त्या पाटावर. मला त्यांचा राग यायचा. माणसाने भांडावं तरी.

मासा आला आणि आणखी काही दिवस तसेच गेले. खाता येत नाही तो मासा घरात कशाला, असं त्यांनी मुलाला एकदा विचारलं होतं, तेवढंच. माशाला कोळंबीचे बारीक तुकडे मी घालायचे, कारण सासरे गेल्यावर सासूबाईंनी वर्षभरासाठी मासमच्छी सोडली होती. तुकडा भोकासमोर नेला की हा बाहेर झेप घ्यायचा, तुकडा हिसकायचा आणि मागच्या मागे घरात. त्याचं सगळं जग म्हणजे ते भोक आणि भोकासमोरचं वीतभर अंगण. त्या अंगणात चमचा आला, पाणी काढायची नळी आली, माझं बोट आलं, की पंख फुलवून हा अंगावर धावून यायचा. एवढासा जीव, आणि राग नाकावर.

एक दिवस शाळेतून आले तर दाराबाहेरच सासूबाईंचा आवाज ऐकू आला. कुणीतरी गावाकडचं आलं असेल असं वाटून मी चपला घाईने काढल्या. आत कुणी नव्हतं. सासूबाई पेटीसमोर ओला फडका घेऊन उभ्या होत्या. काचेवरची धूळ पुसावी म्हणून त्या उठल्या, तर मासा काचेच्या आतून त्यांच्या बोटावर धावून आला होता. त्या त्याला झापत होत्या, 'मना घरमा मालेच गुरकावस का रे?'

माझ्या घरात माझ्यावरच गुरगुरतोस? मी दारातच थांबले. या फ्लॅटला त्या आजवर 'तुमची खोली' म्हणत आल्या होत्या. 'मना घर' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, तेही एका माशाशी भांडताना. मी गुपचूप आत जाऊन चहा टाकला. बोलले असते तर त्यांनी फडका ठेवून दिला असता.

त्यानंतर त्यांनी त्याचं नाव 'जवाई' ठेवलं. जावयासारखाच आहे, त्या म्हणाल्या. उठून या म्हटलं तर येत नाही, ताट जागेवर लागतं, आणि रुसायला कारण लागत नाही. मी हसले तर त्याही हसल्या, आणि मग पदर सारखा करत म्हणाल्या, 'माले पोर नव्हती. देवनी जवाईच धाडी दिधा.' मुलगी नव्हती, देवाने जावईच धाडून दिला. हे त्या थट्टेने म्हणाल्या, पण आखाजीला गावभर माहेरवाशिणी यायच्या तेव्हा इतकी वर्षं यांच्या घरी कुणी येत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सासू-सुना एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणतात. आम्ही दोघी मिळून एका माशाला पाण्यात पाहू लागलो. संध्याकाळी चहाचे कप घेऊन आम्ही पेटीसमोर बसायचो, आणि दिवसभरात जवाईने काय काय केलं ते मला ऐकायला मिळायचं. तोंडाने वाळू उचलून त्याने भोकाबाहेर कशी टाकली, पेटीवर पाल आली तर कसा दगडाआड गेला, आणि पाल गेल्यावर कसा शूरवीर होऊन बाहेर आला. बोलता बोलता सासरेही गोष्टीत यायला लागले. ओट्यावर त्यांची एक जागा होती. तिथे दुसरं कुणी बसलं, अगदी गावातला मोठा माणूस का असेना, की ते काही न बोलता समोर उभे राहायचे, तो उठेपर्यंत. 'असाच,' असं म्हणून त्या भोकाकडे बोट दाखवायच्या. मासा बोटावर धावून यायचा आणि त्यांना हसू आवरायचं नाही. त्यांची अहिराणी मला कधी कळायला लागली ते माझ्याही लक्षात आलं नाही.

नवऱ्याला मधेच उदार व्हायची हुक्की आली. एकट्याला करमत नसेल म्हणून त्याने दुकानातून एक निळा, सुबक मासा आणून सोडला. तासाभरात निळा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभा होता, आणि आमचे जावई खाली येरझाऱ्या घालत होते. आमच्या दोघींचे चेहरे बघून नवरा मुकाट्याने पिशवी शोधायला गेला. दुसऱ्या दिवशी निळा मासा दुकानात परत गेला. सासूबाई मला म्हणाल्या की एका घरात दोन धनी नांदत नाहीत. मग थोड्या घुटमळून त्यांनी विचारलं, उद्या वांग्याचं भरीत मी करू का? मी लसूण सोलून दिला आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसले. भरीत इतकं तिखट होतं की नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने दोनदा वाढून घेतलं.

जवाईला पाणी घालायचं काम तोवर सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं होतं. आंघोळ झाली की खिडकीतल्या तुळशीला तांब्या, मग जवाईला. आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यात त्या खडेमीठ विरघळवायच्या, फडक्याने गाळायच्या आणि लाल रेघेपर्यंत ओतायच्या. मीठ हाताच्या अंदाजाने, पिठल्यात घालावं तसं. एकदाही त्यांनी चुकवलं नाही. अंगात ताप असतानासुद्धा त्यांनी मला ते करू दिलं नाही.

होळी झाली आणि सुरतेचं ऊन तापायला लागलं. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, जवळच्या गोडादरा वस्तीतून येणारा यंत्रमागांचा खडखडाटसुद्धा थकल्यासारखा वाटायचा. थंडीत पेटीतलं पाणी जेमतेम उतरायचं, आणि तो माणूस महिन्याला थोडं बदलून जायचा तेवढ्यात भागत होतं. आता ते रोज बोट-बोट उतरायला लागलं. सासूबाई तेवढंच मिठाचं पाणी रोज घालत होत्या. पेटीच्या झाकणाला आणि काचेच्या कडांना पांढरा थर धरायला लागला. तो त्या नखाने खरवडून काढायच्या.

आणि मासा मलूल झाला. आधी त्याने खाणं कमी केलं. मग तुकडा भोकासमोर नेला तरी नुसता बघायचा. श्वास जोरात चाललेला, कल्ले सारखे उघडमीट करणारे. रंग उतरला, पिवळा भाग तर हळद धुऊन काढल्यासारखा दिसायला लागला. सासूबाई काचेवर बोट टेकवायच्या, थांबायच्या, पुन्हा टेकवायच्या. तो धावून यायचा नाही. त्यांनी बोटाने टकटक केलं, तरी नाही. नवरा दुकानात जाऊन आला. पाणी बदलणारा माणूस बहिणीच्या लग्नासाठी सौराष्ट्रात गावी गेला होता आणि दुकानातल्या दुसऱ्या कुणाला समुद्राच्या माशातलं काही कळत नव्हतं. तो आला की पाठवतो, एवढंच ते म्हणाले.

सासूबाई पुन्हा पाटावर बसून राहायला लागल्या. एका संध्याकाळी चहा तसाच थंड करून त्या म्हणाल्या, 'हाऊ बी कटाळना आठे.' हाही कंटाळला इथे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, दोन लुगडी घडी करून आत ठेवली, आणि मुलाला गाडीचं तिकीट आणायला सांगितलं. नवऱ्याने आणलं. आखाजीच्या आदल्या दिवसाचं, धुळ्याच्या एसटीचं. त्याने एका शब्दाने विरोध केला नाही म्हणून मी त्याच्यावर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात खूप चिडले. तो म्हणाला, तिच्या माणसाची घागर आहे, मी काय बोलू? त्याचंही खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या असत्या तर मी मनातून सुटले असते, हे मला ठाऊक होतं. आता त्या पिशवीकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मला कुणीतरी दिवसभराचं सांगायला हवं होतं. मला त्या हव्या होत्या. हे कसं सांगायचं ते मला माझ्या पुस्तकी मराठीत येत नव्हतं, आणि त्यांच्या भाषेत तेवढं धाडस नव्हतं. मी फक्त कोळंबी आणखी बारीक चिरत राहिले. तो मासा जगला तर कदाचित त्या थांबतील, एवढाच वेडा आधार मी धरला होता.

त्याच सुमारास उन्हाळ्यामुळे महापालिकेचं पाणी कमी दाबाने यायला लागलं. आमच्या सोसायटीने दिवसभर नळाला बोअरचं पाणी सोडायचं आणि प्यायचं पाणी सकाळी थोडाच वेळ द्यायचं ठरवलं. बोअरचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजायची नाही. त्यामुळे प्यायचं पाणी सुटलं की समोरच्या घरातली सुरती बाई जिन्यात उभी राहून सगळ्यांना हाक द्यायची. पहिल्या सकाळी मी न्हाणीघरात होते. बाहेर शेजारणीने आमच्या दारावर थाप मारली आणि सासूबाईंना सांगितलं, 'माजी, मीठुं पाणी आव्युं, भरी लो.'

मी केस पुसत बाहेर आले तेव्हा सासूबाई मोरीपाशी नळाखाली ओंजळ धरून उभ्या होत्या. भांडं भरलेलं नव्हतं. त्यांनी ओंजळीतलं पाणी चाखलं, थोड्या थांबल्या, पुन्हा चाखलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'ती मीठनं पानी म्हनस. हाई ते गोड शे.'

ती मिठाचं पाणी म्हणते, आणि हे तर गोड आहे. मी म्हणाले, आई, ती गुजराती आहे, तिच्या भाषेत गोड पाण्याला मीठुं पाणी… आणि तिथेच माझी जीभ थांबली.

मी तशीच ओल्या केसांनी समोरच्या घरी गेले. शेजारीण हंडा भरत होती. तिला मी विचारलं, मिठाच्या पाण्याला तुम्ही काय म्हणता? 'खारुं,' ती म्हणाली. आणि मीठुं म्हणजे? 'मीठुं एटले पीवानुं,' असं सांगून तिने माझ्याकडे बघितलं, बाईला ऊन लागलं की काय म्हणून. मीठसुद्धा मीठुं, पण मीठुं पाणी म्हणजे प्यायचं, गोडं पाणी. त्या भल्या माणसाने आम्हाला साधं पाणी घालायला सांगितलं होतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून उडालं तेवढं नुसतं पाणी भरायचं. चौथीच्या वर्गाला मी मिठागराचा धडा शिकवते, फळ्यावर चित्र काढून, आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत आम्ही एक मिठागर चालवलं होतं. तो बिचारा जीव त्यात कसाबसा श्वास घेत होता.

सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा वाटलं, त्यांना फार लागेल. रोजचं मीठ त्यांच्या हातचं होतं.  त्यांनी पेटीपाशी जाऊन झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. त्या म्हणाल्या की तो कंटाळला नव्हता, त्याला तहान लागली होती. दोन-तीनदा त्या तेच म्हणाल्या, माझ्याशी नाही, स्वतःशीच.

सुदैवाने दुकानातला माणूस त्याच आठवड्यात गावाहून परतला. नवऱ्याने त्याला बँकेतून थेट घरी आणलं. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला आणि मग आमच्याबरोबर तोही पोट धरून हसला. त्याच्याकडे खारटपणा मोजायची काचेची नळी होती. ती पाण्यात जितकी वर तरंगली तेवढी त्याने आजवर पाहिली नव्हती. पण एकदम गोडं पाणी ओतायचं नाही, असं त्याने बजावलं. माशाला झेपणार नाही. रोज एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या गोडं घालायचं, हळूहळू, बरेच दिवस. आणि ओतताना धार दगडावर पडू द्यायची नाही.

हे कोण करणार, असा प्रश्नच आला नाही. सासूबाईंनी तांब्या उचलला. सकाळी हाक आली की त्या सगळ्यांत आधी नळाशी. एका पातेल्यात जवाईचं पाणी वेगळं भरायचं, वर फडकं बांधून दिवसभर ठेवायचं, मगच दुसऱ्या दिवशी वापरायचं. मीठुं पाणी, मीठुं पाणी, असं त्या पुटपुटत घालायच्या, पुन्हा विसरायला नको म्हणून. मासा अजून भोकातच होता. पण श्वास जरा संथ झाला होता, किंवा आम्हाला तसं वाटत होतं.

तिकिटाचा दिवस आला. पिशवी दाराशी ठेवलेली होती. नवरा रिक्षा आणायला निघाला तेव्हा सासूबाई तांब्या हातात घेऊन पेटीसमोर उभ्या होत्या. तांब्या मला द्यायला म्हणून त्या वळल्या आणि मी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. 'याले असा सोडीसन कशी जाऊ मी?' त्या म्हणाल्या. याला असा सोडून मी कशी जाऊ? नवरा उंबऱ्यातच थांबला. मग चप्पल काढून त्याने पिशवी उचलली आणि खुंटीला परत लावली. सासूबाईंकडे पाठ करून तो बराच वेळ खुंटीशीच काहीतरी करत राहिला.

पण घागर? ती तर दुसऱ्या दिवशी भरायची होती. शाळेला त्या दिवशी रजाच टाकली होती, तेव्हा दुपारी मी सासूबाईंना घेऊन गोडादऱ्याला गेले. मागांवर काम करणारी खानदेशातली माणसं तिथे गल्लोगल्ली राहतात, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी त्या बाजारात सुरत कुठे उरतच नाही. नव्या घागरींच्या उतरंडी, आंबे, खरबुजं, आणि जिकडेतिकडे अहिराणी. एका कडुलिंबाला झोका बांधला होता, त्यावर दोन बाया उभ्या राहून गात होत्या. सासूबाई घागर बोटाने वाजवून बघत होत्या, तेव्हा शेजारच्या बाईने त्यांना गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग ती म्हणाली, म्हणजे आखाजीला पोराकडे आलात होय? सासूबाईंनी घागर कडेवर घेतली. 'नही,' त्या म्हणाल्या, 'मी आठेच ऱ्हास.' नाही, मी इथेच राहते. मी भाव करायचं विसरून गेले.

आखाजीच्या सकाळी जिन्यातून हाक आली. सासूबाईंनी नवी घागर नळाखाली धरली आणि गळ्यापर्यंत भरली. कुठे ठेवायची ते त्यांनी मला विचारलं नाही. पेटीशेजारी, जिथे त्या रोज बसायच्या त्या पाटावर त्यांनी ती ठेवली, तोंडावर खरबूज आणि दोन आंबे मांडले, कुंकू लावलं. स्वयंपाकघरात पुरण त्यांनीच शिजवलं होतं. नवऱ्याने वडिलांच्या नावाने पाणी सोडलं आणि आम्ही तिघांनी हात जोडले.

तेवढ्यात पेटीत काहीतरी हललं. काचेला खेटून आलेली ती लालभडक, गोल वस्तू त्याला आपल्या अंगणात घुसलेली वाटली असावी. जवाई भोकातून निघाला. आधी अर्धा, मग सगळा. पंख फुलवले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो काचेवर धावून आला, थेट घागरीच्या अंगावर. मागे फिरून पुन्हा आला. रंग अजून फिका होता, पण नाकावरचा राग अस्सल होता.

सासूबाईंनी जोडलेले हात सोडले आणि तोंडाला पदर लावला. 'सासराले बी गुरकावस का रे?' त्या म्हणाल्या. सासऱ्यावरही गुरगुरतोस? त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला कळेना, आणि मला माझंही कळत नव्हतं. मग त्या घागरीकडे वळल्या. सासऱ्यांशी त्या अशाच बोलत असतील, हलक्या आवाजात, मान थोडी खाली घालून.

'राग नका मानू,' जवाईकडे बोट करत त्यांनी घागरीला सांगितलं. 'त्यानं घर शे हाई. आते आपलं बी.'